तिला विचारलंत का?

या महिन्यात पत्रं खूप आली, जवळपास सगळी अपंग मुलींबद्दल, अपंग बायकांबद्दल. वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली, की बरीचशी पत्रं त्यांच्याबद्दल दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेली आहेत. आई, भाऊ, नवरा, ऑफिसातली मैत्रीण. त्यात माया आहे, काळजी आहे, ते दिसतंय मला. पण मी स्वतः लहानपणापासून पायाला आधार देणारा कॅलिपर लावून चालते, आणि मी समोर बसलेली असताना "हिला काय हवंय?" असं माझ्या आईला विचारणारी माणसं मी इतकी पाहिलीयत की आता ते ऐकलं की अजूनही अंगावर काटा येतो. म्हणून या वेळी बऱ्याच उत्तरांत मी उलट एकच प्रश्न विचारणार आहे, रागावू नका. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

ताई, माझी मुलगी १७ वर्षांची आहे, तिला बौद्धिक अपंगत्व आहे. पाळी आली की तिला काही कळत नाही, पॅड काढून फेकते, कपडे खराब होतात. मी नोकरी करते, घरात दुसरी बाई नाही. नातेवाईक म्हणतात गर्भाशय काढून टाका, तिला तसाही काय उपयोग, आणि उद्या काही वाईट घडलं तर निदान दिवस तरी जाणार नाहीत. डॉक्टरसुद्धा म्हणाले करता येईल. मी खूप थकलेय. मी वाईट आई आहे का? – एक आई

नाही हो. तुम्ही एकटीने ओढताय म्हणून थकलाय, आणि थकलेल्या माणसाला सगळे शॉर्टकटच सुचवतात. पण हे ऑपरेशन करू नका, आधी माझं सगळं वाचा.

ते "काही वाईट घडलं तर" आधी घेते, कारण खरी भीती तीच आहे. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त तो झाल्याचं कळायचा एक मार्ग बंद होतो. आणि जवळच्याच कुणाला जर माहीत असेल की हिचं ऑपरेशन झालंय, तर ती मुलगी जास्त असुरक्षित होते, कमी नाही. तिला वाचवायचं असेल तर तिला शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं शिकवा, आडून आडून नको, सरळ. तिला "नको" म्हणायला शिकवा आणि घरात ते "नको" ऐकायलाही शिका, म्हणजे अगदी साधं, तिला पापी द्यायची नसेल तर मामाला द्यायची नाही. आंघोळीला, कपडे बदलायला कोण मदत करणार ते ठरलेलं असू दे आणि तिला ते माहीत असू दे. अचानक ती गप्प झाली, एखाद्या माणसाला बघून लपायला लागली, झोप उडाली, तर "त्यांच्यात असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका.

आता शरीराचं. नुसतं गर्भाशय काढलं आणि अंडाशय ठेवले तर रक्त जाणं थांबतं, पण हार्मोन्सचं चक्र चालूच राहतं, म्हणजे त्या दिवसांतली चिडचिड, आकडीचा त्रास असेल तर तो, हे सगळं तसंच राहू शकतं. अंडाशयही काढले तर १७व्या वर्षी मेनोपॉज, हाडं ठिसूळ, हृदयाचा धोका वाढलेला, आणि हे सगळं भोगणार ती, सुचवणारे नातेवाईक नाहीत. रक्तस्राव खरंच फार होत असेल, दुखत असेल, तर तो आजार म्हणून दाखवा, त्यावर औषधं आहेत, ज्यांचा परिणाम थांबवता येतो अशी. अपंग नसलेल्या १७ वर्षांच्या मुलीला तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं असतं तेच हिलाही सांगायला हवं, आणि तिच्या पाळीसाठी त्यांनी पहिल्याच भेटीत गर्भाशय काढा म्हटलं असतं का, हे त्यांना जरूर विचारा.

आणि शिकवता येतं हो. वेळ लागतो, महिने लागतात, पण येतं. पाळी नसतानाच सुरुवात करा, रोज थोडा वेळ पॅड लावून फिरायची सवय, म्हणजे ते अंगाला लागलं की फेकायचं नसतं हे कळेल. तिच्या चड्डीवर पॅड जिथे लावायचं तिथे मार्करने आकार काढून द्या. कामाच्या पायऱ्यांचे फोटो काढा, जुनं काढलं, गुंडाळलं, डब्यात टाकलं, नवीन लावलं, हात धुतले, आणि बाथरूमच्या भिंतीवर तिच्या नजरेच्या उंचीवर चिकटवा. एका बाहुलीवर करून दाखवा. कॅलेंडरवर लाल टिकली लावायचं काम तिचं. पॅड टोचतं म्हणून फेकत असेल तर शोषून घेणारी पिरियड पँटी मिळते, बऱ्याच मुलींना ती सोपी जाते. तुम्ही नसताना शाळेत कोण मदत करेल ते शाळेशी बोलून ठरवा, ते त्यांचंही काम आहे.

हे मी एवढं लांबवतेय कारण "तिच्या भल्यासाठी" या नावाखाली काय काय झालंय ते मी वाचलेलं आहे. १९२७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बक नावाच्या मुलीची नसबंदी करायला परवानगी दिली, ८ विरुद्ध १ मतांनी. तिला मंदबुद्धी ठरवलं होतं. ठरवलं कधी, तर ज्या घरात ती वाढत होती त्यांच्याच नात्यातल्या एकाने तिच्यावर बलात्कार केला, तिला दिवस गेले, आणि मग त्या घराने तिला संस्थेत टाकलं. त्या बाळाला पण मंदबुद्धीच म्हटलं होतं कोर्टात, तीच मुलगी पुढे शाळेत हुशार मुलांच्या यादीत आली. कॅरीच्या बहिणीला, डोरिसला, तर अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे असं सांगून तेच केलं, ती आणि तिचा नवरा वर्षानुवर्षं मूल व्हायची वाट बघत राहिले आणि खरं कळलं तेव्हा तिचं आयुष्य सरत आलं होतं. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने माफी मागितली २००२ मध्ये. स्पेनमध्ये तर कोर्टाच्या परवानगीने अशी सक्तीची नसबंदी २०२० पर्यंत कायदेशीर होती, त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये कायदा बदलला, आणि तो बदलायला अपंग बायका आणि त्यांच्या संघटना किती वर्षं भांडत होत्या. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो करार आहे, २००६ साली मंजूर झालेला, त्यात २३व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की अपंग मुलामुलींचीसुद्धा प्रजननक्षमता इतरांसारखीच टिकवायची.

आणि आता माझा प्रश्न. तिला विचारलंत का? पूर्ण वाक्यात उत्तर नाही देणार ती कदाचित. पण चित्र दाखवून, वेगवेगळ्या वेळी, तिच्या ओळखीच्या माणसाने विचारलं तर तिला काय खुपतंय ते कळेल तुम्हाला. आणि तुमच्यासाठी, आठवड्यातून दोन संध्याकाळी दुसरं कुणीतरी घरात हवं. ऑपरेशन सुचवणाऱ्या नातेवाइकांना तेच मागा.

मणक्याला मार लागून मी ६ वर्षं व्हीलचेअरवर आहे, आता ४ महिन्यांची गरोदर आहे. डॉक्टर सगळं माझ्या नवऱ्याशीच बोलतात. टेबल उंच आहे म्हणून मला नीट तपासलंच नाही, वजनही केलं नाही. सगळे विचारतात बाळाला सांभाळणार कोण. आनंद व्हायच्या ऐवजी मला अपराधी वाटतंय. – ४ महिने पूर्ण

आधी अभिनंदन, मनापासून! तुला ते कुणी नीट म्हटलंच नसेल असं वाटतंय पत्र वाचून.

पुढच्या वेळी आत गेल्या गेल्या तूच बोल, "डॉक्टर, पेशंट मी आहे, माझ्याशी बोला." नवऱ्याला आधी सांगून ठेव की त्यांनी त्याच्याकडे बघून प्रश्न विचारला की त्याने गप्प बसून तुझ्याकडे बघायचं, एवढं केलं तरी फरक पडतो, माझ्या नवऱ्याने केलंय हे. वजन न करायला कारणच नाही, रॅम्प असलेला काटा असतो, त्यावर खुर्चीसकट वजन करायचं आणि खुर्चीचं वजा करायचं. टेबल खाली येणारं नसेल तर तसं टेबल असलेलं दुसरं हॉस्पिटल शोध, किंवा उचलून ठेवायला शिकलेला स्टाफ माग, पण न तपासता घरी येऊ नकोस.

आता हे नीट वाच, वाटल्यास कापून फाइलला लाव. तुझी इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया हा शब्द तुझ्या डॉक्टरांना माहीत असलाच पाहिजे. यात बीपी एकदम वर जातं, डोकं ठणकतं, इजेच्या वरच्या भागात घाम येतो, चेहरा लाल होतो. लघवी तुंबली तरी होतं आणि प्रसूतीच्या कळांनीही होतं, आणि गरोदरपणातलं नेहमीचं बीपी समजून चुकीचे उपचार होऊ शकतात. असं झालं तर ताठ बसायचं, घट्ट कपडे सैल करायचे, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कुठे वाकलाय का बघायचं आणि लगेच हॉस्पिटल गाठायचं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटच्या दिवशी नाही, आत्ताच कधीतरी भेटून ठेव. कळा तुला जाणवतीलच असं नाही, म्हणून शेवटच्या ३ महिन्यांत पोटावर हात ठेवून ते घट्ट होतंय का हे ओळखायला शिकून घे. लघवीचं इन्फेक्शन, पायात रक्ताची गुठळी, आणि वजन वाढलं की बसून होणाऱ्या जखमा, या तिन्हींवर लक्ष. खुर्चीची गादी मध्येच एकदा बदलावी लागेल.

सांभाळणार कोण, तर तू. आणि तुझा नवरा, आणि मदतीला येतील ते. कुठलंही मूल एकट्या आईने वाढवलेलं मी तरी पाहिलेलं नाही, मग एकट्या तुलाच हा पेपर का. आईवडिलांच्या अपंगत्वावरून मूल त्यांच्यापासून वेगळं करता येणार नाही हेसुद्धा त्याच २३व्या कलमात आहे.

शिक्षिकेची नोकरी मिळता मिळता राहिली. इंटरव्ह्यू छान झाला, मग म्हणाले तुम्ही व्हीलचेअरवर, आग लागली तर मुलांना कसं बाहेर काढणार. मला उत्तरच सुचलं नाही.

हेच कारण देऊन १९७० साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने ज्युडी ह्यूमनला शिक्षिकेचं लायसन्स नाकारलं होतं! लहानपणी पोलिओ झालेला, आणि तेव्हा शाळेतसुद्धा घेतलं नव्हतं की आगीत ही अडथळा होईल. तिने केस केली. केस आली कॉन्स्टन्स बेकर मॉटली या न्यायाधीश बाईंसमोर, ज्या स्वतः अमेरिकेतल्या फेडरल कोर्टातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. मंडळाने माघार घेतली आणि ज्युडी शिकवायला लागली. पुढे १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत शंभरावर अपंग माणसं ३ आठवड्यांहून जास्त ठाण मांडून बसली, तेव्हा पुढे होत्या ज्युडी आणि किटी कोन. फोन तोडले तेव्हा आतली बहिरी मंडळी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप द्यायची. अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणाऱ्या कायद्याचे रखडलेले नियम सही करून घेऊनच बाहेर पडले ते.

तू एक कर, नाकारल्याचं कारण लेखी माग. आणि सोबत तूच लिहून दे की तळमजल्यावरचा वर्ग, जिन्यावरून उतरवायची खुर्ची आणि शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाशी जोडी, एवढं केलं की प्रश्न सुटतो. याला वाजवी सोय म्हणतात, आणि ती नाकारणं म्हणजेच भेदभाव असं त्या करारात लिहिलंय. आगीत मुलांना बाहेर काढायची योजना शाळेकडे असायलाच हवी ना, ती आहे का तेही विचार.

मी जन्मापासून बहिरी आहे. ऑफिसात वरिष्ठांनी अंगाला हात लावला. तक्रार करायला गेले, खुणांची भाषा कुणालाच येत नव्हती म्हणून माझ्या भावाला बोलावलं. मी सांगितलं त्यातलं अर्धं त्याने सांगितलंच नाही. घरी येऊन म्हणाला, घरची अब्रू. आता जबाबावर माझी सही आहे. काय करू?

हे वाचून मी रात्रभर अस्वस्थ होते. तुझ्यावर दोनदा अन्याय झालाय, आणि दुसऱ्यांदा तुझ्याच भाषेतून.

सही झाली म्हणजे सगळं संपलं असं समजू नकोस. लगेच लेखी अर्ज दे, की माझा जबाब मला समजेल अशा भाषेत परत वाचून दाखवलेला नाही, दुभाषी हा नातेवाईक होता, त्यात माझं पूर्ण म्हणणं आलेलं नाही, मला प्रशिक्षित इंटरप्रिटर देऊन पुन्हा जबाब घ्या. त्याच्या प्रतीवर पोच घे. खुणांची भाषा येणाऱ्या मैत्रिणीसमोर तुझं पूर्ण म्हणणं तुझ्या भाषेत व्हिडिओवर रेकॉर्ड करून ठेव, आत्ताच, तपशील ताजे आहेत तोवर. तारीख, वेळ, कुठली खोली, नंतर कुणाला मेसेज केला. त्या माणसाचे मेसेज असतील तर डिलीट करू नकोस, कितीही किळस आली तरी. आणि तुझ्या बाजूने बोलणारी वकील बाई शोध, तिला पहिल्याच भेटीत हे सगळं दाखव. इंटरप्रिटर देणं हे उपकार नाहीत, न्यायापर्यंत पोचता येणं हा त्या कराराच्या १३व्या कलमातला हक्क आहे.

आणि जे वाचक म्हणतील की ओठ वाचून चाललं असतं की, त्यांनी आरशात बघून मामा, बाबा, पापा म्हणून बघावं. तिन्ही सारखेच दिसतात. त्याच्यावर कुणाच्या जबाबाचा भरवसा ठेवणार?

इथेच एक सांगून टाकते, कारण तीन वेगवेगळ्या पत्रांत हे आहे आणि तिन्हीत त्याला "घरातलं भांडण" म्हटलंय. रागावून व्हीलचेअर हाताला लागणार नाही अशी ठेवणं, श्रवणयंत्राचे सेल काढून घेणं, गोळ्या उशिरा देणं, टॉयलेटला न्यायचं नाही म्हणून धमकी देणं, ही हिंसा आहे. मारलं नाही म्हणून ती हिंसा नाही असं नसतं. पत्र लिहिणाऱ्या तिघींना मी वेगळं कळवतेय.

आमचं महिला मंडळ ८ मार्चला कार्यक्रम करतं. या वर्षी एका अंध मुलीचा सत्कार ठेवलाय, सगळ्यांना प्रेरणा मिळेल. आणखी काय करता येईल? – मंडळाची सेक्रेटरी

तुमचा हेतू चांगला आहे म्हणून स्पष्ट लिहिते. सत्कार कशाचा आहे? तिने काही विशेष काम केलं असेल तर जरूर करा, त्या कामाचा करा. पण ती अंध असून कॉलेजला जाते याचाच असेल तर नको. ऑस्ट्रेलियाची पत्रकार स्टेला यंग, व्हीलचेअर वापरायची, २०१४ मध्ये गेली बिचारी, फक्त ३२ वर्षांची होती. ती सांगायची की ती १५ वर्षांची असताना गावातलं कुणीतरी तिला पुरस्कार द्यायचा म्हणून घरी आलं आणि तिचे आईवडील म्हणाले, छान आहे, पण तिने तसं काही केलेलंच नाहीये. अपंग माणसाकडे बघून आपलं बरं चाललंय असं वाटून घ्यायचं, याला तिचा विरोध होता, आणि माझाही आहे, मीसुद्धा अशा स्टेजवर शाल घेऊन बसलेय आणि घरी येऊन रडलेय.

तिला वक्ता म्हणून बोलवा, विषय तिला ठरवू दे. पण खरं तर मंडळाच्या कमिटीत अपंग बायका किती आहेत? लाजू नका, मोठ्यांचंही तेच होतं. करारावर लक्ष ठेवणारी संयुक्त राष्ट्रांची जी १८ जणांची समिती आहे, तिच्यात २०१७ साली बाई होती एकच. करारात बायकांसाठी स्वतंत्र सहावं कलम असून ही परिस्थिती! मग अपंग बायकांनी जोर लावला आणि २०१८च्या निवडणुकीत ६ जणी निवडून आल्या. जगात दर ५ बायकांमागे साधारण १ अपंगत्व घेऊन जगतेय असं संयुक्त राष्ट्रांचाच अंदाज सांगतो, तुमच्या सभासदांच्या यादीत त्या नसतील तर त्या यायच्या वाटेतच कुठेतरी अडल्यात. हॉल ठरवायच्या आधी टॉयलेटचं दार मोजा, व्हीलचेअर आत जाते का. स्टेजला रॅम्प बघा. इंटरप्रिटरचा खर्च हारतुऱ्यांच्या आधी लिहा.

मी अंध आहे, २६ वर्षांची, कमावते. पगार माझ्या खात्यात येतो पण कार्ड आणि पिन दादाकडे. तो वाईट नाहीये, मागितले की देतो. पण मला प्रत्येक वेळी कशाला हवेत ते सांगावं लागतं. हे मला खटकतंय, मी कृतघ्न आहे का?

अजिबात नाही गं. तुझे पैसे तुला मागावे लागतायत, खटकणारच. स्वतःचे पैशाचे व्यवहार स्वतः बघायचा हक्क कराराच्या १२व्या कलमात बँकेच्या कर्जासकट लिहिलेला आहे, आणि त्यात "डोळ्यांनी दिसत असेल तर" असं कुठेही नाही.

फोन तू वापरतेसच, स्क्रीन वाचून दाखवणारं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर जे असेल ते. बँकेचं अ‍ॅप त्यावर चालतं का बघ, चालत नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार कर. ओटीपी मोठ्याने बोलला जातो म्हणून इअरफोन लावायचा, आणि दोन्हींमध्ये स्क्रीन पूर्ण काळी ठेवायची सोय असते, ती चालू करायची, म्हणजे शेजारी बसलेल्यालाही काही दिसत नाही. बोलणारं एटीएम असेल तिथे इअरफोन घेऊन जा आणि पहिले काही वेळा मैत्रिणीला सोबत ने, दाराबाहेर उभं करायला.

दादाला आधी सांग, भांडण म्हणून नाही. "आतापर्यंत तू बघितलंस, या महिन्यापासून मी बघणार, अडले तर विचारेन." तो म्हणेल फसवतील तुला. तर सांग की फसवतात सगळ्यांनाच, मी रोजची मर्यादा कमी ठेवेन. कार्ड हातात आलं की पिन त्याच दिवशी बदल आणि मला कळव, मी वाट बघतेय.